मुंबई–गोवा आणि बर्गेन–किर्केनेस : दोन सागरी सहलींचे परीक्षण

सागरी सहल ठरवताना बहुतेक घरांत आधी भाडे विचारले जाते आणि मग तारखा पाहिल्या जातात. आमच्याकडेही तसेच झाले. गेल्या काही वर्षांत आम्ही दोन अगदी भिन्न सफरी केल्या. पहिली मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारी, दोन रात्री आणि तीन दिवसांची. दुसरी नॉर्वेच्या किनाऱ्याने बर्गेनहून किर्केनेसपर्यंत जाऊन पुन्हा बर्गेनला आणून सोडणारी, बारा दिवसांची. दोन्ही सफरी आपापल्या जागी उत्तम आहेत आणि दोन्हींविषयी मी मनापासून चांगलेच लिहिणार आहे. तरीही पहिल्या सफरीहून परत आल्यावर आमच्या घरातील एक व्यक्ती थोडी हिरमुसली होती. त्यात जहाजाचा काहीही दोष नव्हता. आम्ही चुकीच्या अपेक्षेने योग्य जहाज निवडले होते. हे परीक्षण लिहिण्यामागचे खरे कारण ते आहे.

माझ्या आईचे बालपण देवगडला गेले. मुंबईला मामाकडे यायचे तर बोटीने, आणि परतायचे तर भाऊच्या धक्क्यावरून पुन्हा बोटीने, हाच त्या काळचा कोकणचा रस्ता होता. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग असे एकेक बंदर घेत ती बोट खाली जाई. बऱ्याच ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे होड्या, येऊन उतारूंना घेऊन जात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. आईला या सगळ्याची आठवण इतकी स्वच्छ आहे की चौऱ्याहत्तराव्या वर्षी ‘मुंबई ते गोवा जहाजाने’ हे शब्द ऐकताच तिने होकार दिला. ज्या सहल संस्थेतून आम्ही आरक्षण केले, तिच्या प्रतिनिधीने जहाज कोकण किनाऱ्याने जाते आणि वाटेत सगळा किनारा दिसतो, असे निःशंकपणे सांगितले. आम्हीही नकाशा उघडून पाहिला नाही.

मुंबईहून सुटणारे कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज 1990 साली फ्रान्समधील सां-नाझेर येथील गोदीत बांधले गेले. त्याचे मूळ नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’. तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरी डोळ्यांसमोर ठेवूनच त्याची आखणी झाली होती, आणि ही गोष्ट निवड करणाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. लांबी सुमारे 211 मीटर, अकरा मजले, मध्यभागी अनेक मजल्यांना कवेत घेणारे उंच दालन, आणि त्या मानाने आटोपशीर खोल्या. लोकांनी खोलीत बसून राहू नये, बाहेर यावे, खावे, नाचावे, कार्यक्रम पाहावेत, अशा बेताने रचलेले हे जहाज आहे. सप्टेंबर 2021 पासून ते भारतीय प्रवाशांसाठी मुंबईहून धावू लागले. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असताना चेन्नईहून श्रीलंकेकडे जाणाऱ्या सफरीही त्याने केल्या आहेत.

आम्ही सात जण होतो: आई, आम्ही दोघे, माझी धाकटी बहीण, तिचे यजमान आणि त्यांची दोन मुले. मुलांच्या दृष्टीने ते तीन दिवस अपुरे पडले. तरण तलाव, मुलांसाठी राखलेली खेळाची जागा, संध्याकाळचे रंगमंचावरील कार्यक्रम आणि केव्हाही गेले तरी मिळणारे खाणे, एवढे सगळे एकाच छपराखाली असताना मुले आईवडिलांकडे काही मागायलाही येत नव्हती. जेवणाची व्यवस्था हा या जहाजाचा खरा गुण आहे. परदेशी जहाजांवर शाकाहारी माणसाला जे सतत विचारत राहावे लागते, ते येथे नाही. जैन पदार्थांची सोय असते, भाजी आणि पोळी यांचे वावडे नसते, आणि कांदा-लसूण न खाणाऱ्या माझ्या बहिणीच्या यजमानांना एकाही जेवणाला अवघडल्यासारखे झाले नाही. ज्या कुटुंबात तीन पिढ्या आहेत, ज्यांना व्हिसा आणि विमान यांच्या खटाटोपात पडायचे नाही आणि ज्यांना सामान एकदाच उघडून एकदाच भरायचे आहे, त्यांना ही सफर मी निःसंकोच सुचवीन. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी तर बस आणि हॉटेल यांच्या सहलीपेक्षा ती कितीतरी सुखाची आहे. मजल्यामजल्यांवर जायला उद्‌वाहने आहेत, आणि थकवा आला तर आपली खोली पाच मिनिटांच्या अंतरावर असते.

रात्री उशिरापर्यंत संगीत आणि नृत्य चालते, कॅसिनो असतो, आणि आठवड्याच्या अखेरीस मित्रमंडळींचे मोठे गट येतात. हे त्या सफरीचे अंगच आहे. ज्याला ते हवे आहे त्याला पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. ज्याला शांतता हवी आहे त्याने सुट्ट्यांचे दिवस टाळून मधल्या वारी निघणारी सफर पाहावी, किंवा मग दुसऱ्या प्रकारच्या जहाजाचा विचार करावा.

पहिल्या रात्री जेवण झाल्यावर आई वरच्या उघड्या मजल्यावर जाऊन कठड्याजवळच्या खुर्चीत बसली. मी शाल घेऊन गेले, तर ती अंधारात एकटक डावीकडे पाहत होती. “अगं, देवगडचा दिवा केव्हा दिसेल?” तिने विचारले. मी तिथल्या एका कर्मचाऱ्याला विचारले, तेव्हा त्याने अत्यंत आदराने समजावून सांगितले की एवढे मोठे जहाज किनाऱ्यापासून बरेच बाहेरून चालवावे लागते. किनाऱ्याजवळ उथळ पाणी, खडक आणि मासेमारीची जाळी असतात, आणि कोकणचा बराचसा टप्पा तर रात्रीच मागे पडतो. दूरवर मासेमारी नौकांचे दिवे लुकलुकत होते. किनारा नव्हता. आई आणखी अर्धा तास बसली आणि काही न बोलता झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागले. जाहिरातीत ‘गोवा’ असा एकच शब्द असतो, परंतु मुरगावहून पणजी सुमारे 30 किलोमीटर आहे, उतरायला आणि परत चढायला लागणारा वेळ निराळा, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. हातात उरलेल्या काही तासांत जुन्या गोव्याची चर्च किंवा एखादा समुद्रकिनारा, यांपैकी एकच गोष्ट नीट होते. हे बंधन जगातल्या प्रत्येक मोठ्या जहाजाला आहे. भूमध्य समुद्रातील सफरीच्या पत्रकावर ‘रोम’ छापलेले असते तेव्हा जहाज चिवितावेक्किया या बंदराला लागते, आणि तेथून रोम सुमारे 80 किलोमीटर आहे. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो बंदर. म्हणून पत्रकातील शहराचे नाव वाचून मोहात पडण्याआधी बंदराचे नाव शोधावे, तेथून त्या शहराचे अंतर पाहावे आणि जहाज किती वाजता पोहोचते व किती वाजता सुटते ते लिहून काढावे. हे एक काम केले तरी निम्म्या निराशा टळतील असे माझे मत आहे.

या सफरीनंतर माझ्या मनात एक प्रश्न स्पष्ट झाला, आणि तो आता मी सल्ला विचारणाऱ्या प्रत्येकाला विचारते: तुम्हाला जहाजात राहायचे आहे, की जहाजातून काही पाहायचे आहे? पहिल्या प्रकारात जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण असते, बंदरे निमित्तमात्र असतात, आणि जहाज जितके मोठे तितकी करमणूक अधिक. 2024 मध्ये सेवेत आलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ 365 मीटर लांबीचे आहे. त्यावर जाणारा माणूस मुख्यतः ते जहाजच पाहायला जातो, आणि त्यात काही गैर नाही. दुसऱ्या प्रकारात जहाज हे खिडकी असलेले वाहन असते. किनारा जवळून दिसतो, लहान बंदरांत शिरता येते, आणि जहाजावर करमणूक जवळजवळ नसते. एकाची अपेक्षा ठेवून दुसऱ्यावर चढणारा माणूस दुःखी होतो, मग खोली कितीही प्रशस्त असो.

नॉर्वेची किनारपट्टी-सेवा दुसऱ्या प्रकारातील, आणि माझ्या माहितीत त्या प्रकारातील सर्वांत अस्सल आहे. मुळात ती सहल नव्हतीच. डोंगर आणि खाड्या यांमुळे रस्ते करणे कठीण असलेल्या उत्तर नॉर्वेला टपाल, माल आणि माणसे यांची नियमित वाहतूक हवी होती. रात्रीच्या अंधारात आणि हिवाळ्यात त्या खडकाळ किनाऱ्याने जहाज हाकणे अशक्य आहे असे इतरांना वाटत असताना रिचर्ड विथ या कप्तानाने ते काम अंगावर घेतले, आणि 2 जुलै 1893 रोजी त्याचे ‘वेस्टरालेन’ हे जहाज ट्रॉन्हाइमहून उत्तरेकडे निघाले. आज बर्गेन ते किर्केनेस या मार्गावर 34 बंदरे घेतली जातात. जुनी हुर्टिग्रूटेन कंपनी आणि 2021 पासून सुरू झालेली हाविला या दोघींची मिळून अकरा जहाजे ही सेवा सरकारी कराराखाली चालवतात. ती आजही माल वाहतात, आणि एका बंदरावरून पुढच्या बंदरापर्यंत जाणारे गावकरीही त्यांतून प्रवास करतात.

आम्ही दोघे जूनच्या मध्यावर गेलो. हुर्टिग्रूटेनची या मार्गावरील बरीचशी जहाजे सुमारे 120 मीटर लांबीची, म्हणजे ‘एम्प्रेस’च्या जवळजवळ निम्मी आहेत. त्यांवर रंगमंच नाही, कॅसिनो नाही, सायंकाळी ठेवणीतले कपडे घालून जेवायला जाण्याची रीत नाही. पुढच्या बाजूला मोठमोठ्या काचा असलेले बैठकीचे दालन आहे, आणि तिथे लोक तासन्‌तास बाहेर पाहत बसतात. पहिल्या दिवशी मला वाटले की बारा दिवस हे असेच असेल तर कंटाळा येईल. दुसऱ्या दिवसापासून तो विचार परत आला नाही, कारण जहाज बेटे आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यातून इतक्या जवळून जाते की किनाऱ्यावरच्या घरांतील खिडक्यांच्या कुंड्या दिसतात, आणि अंगणात उभी असलेली माणसे हात हलवतात.

या मार्गाची रचना मोठी विचारपूर्वक आहे. उत्तरेकडे जाताना जी बंदरे रात्री येतात, त्यांतली पुष्कळशी दक्षिणेकडे परतताना दिवसा येतात. म्हणून केवळ एकमार्गी सफर घेऊन पैसे वाचवावेत असा विचार करणाऱ्यांना मी दोनदा विचार करायला सांगेन. उत्तरेकडे जाताना आलेसुंदला थांबा आहे. 23 जानेवारी 1904 च्या आगीत हे गाव जवळजवळ सगळे जळाले आणि पुढच्या काही वर्षांत एकाच शैलीत पुन्हा उभे राहिले, त्यामुळे तेथील रस्त्यांना आजही एकसंध रूप आहे. उन्हाळ्यात जहाज गाइरांगर या खाडीतही शिरते, जी 2005 पासून जागतिक वारसा आहे. चौथ्या दिवशी सकाळी आर्क्टिक वृत्त ओलांडले जाते. विकिंगेन नावाच्या लहानशा बेटावर धातूचा गोल उभारलेला आहे, तो दिसला की सगळे प्रवासी वर जमतात. मग समुद्रदेवाच्या वेशातील एक जण येऊन इच्छुकांच्या पाठीवर, सदऱ्याच्या आत, बर्फ आणि थंडगार पाणी ओततो. परतीच्या वाटेवर याच वृत्तावर चमचाभर कॉडमाशाचे तेल पाजतात. माझ्या यजमानांनी दोन्ही विधी मोठ्या भक्तिभावाने पार पाडले.

लोफोतेन बेटांजवळ आम्हाला लाकडी मांडवांवर वाळत घातलेला कॉड मासा दिसला. उत्तन किंवा वेसाव्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळवायच्या वलांडी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे दृश्य पाहून घरची आठवण आल्यावाचून राहणार नाही. फरक एवढाच की आपल्याकडे उन्हाचा ताप मासा वाळवतो, तर तिथे फेब्रुवारीपासून मेपर्यंतचा कोरडा, गार वारा ते काम करतो. मीठही लागत नाही. त्याच पट्ट्यात रिसोय येथे उथळ समुद्रतळ खोदून केलेला जलमार्ग लागतो. तो 1922 मध्ये खुला झाला, आणि त्यासाठी त्याच रिचर्ड विथने अनेक वर्षे खटपट केली होती. ही माहिती जहाजावरील मार्गदर्शक ध्वनिवर्धकावरून देतात, आणि ती ऐकत असताना तो जलमार्ग खिडकीखालून सरकत असतो. कोणत्याही व्याख्यानापेक्षा हे मला अधिक मोलाचे वाटले.

हॉनिंग्सवोग येथे उतरून उत्तर टोकाला, म्हणजे नॉर्थ केपला, बसने जाता येते. 71 अंश 10 मिनिटे उत्तर अक्षांशावरील हा कडा समुद्रापासून 307 मीटर उंच आहे. तिथपर्यंतच्या रस्त्यावर झाड नावाची वस्तू नाही. रेनडियरचे कळप मात्र रस्त्यात उभे असतात. जूनमध्ये सूर्य मावळतच नाही. रात्री बारा वाजता ऊन अंगावर घेत डेकवर उभे राहणे हा अनुभव शब्दांत पकडण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण मला साधले ते एवढेच सांगणे की त्या रात्री जहाजावर कोणीही मोठ्याने बोलत नव्हते. सातव्या दिवशी सकाळी रशियाच्या सीमेजवळचे किर्केनेस येते आणि तेथून जहाज वळते.

मला सर्वांत जास्त भावले ते मात्र यांपैकी काहीच नव्हते. एका पहाटे जाग आली म्हणून मी बाहेर आले, तर जहाज एका इवल्याशा गावाच्या धक्क्याला लागलेले होते. बाजूचे दार उघडले गेले, मालाचे गठ्ठे उचलणारी गाडी आत-बाहेर करू लागली, एक आजी कापडी पिशवी घेऊन एकटीच चढल्या, दोघे जण सायकली ढकलत उतरले, आणि पाऊण तासाच्या आत दार बंद होऊन जहाज पुन्हा निघाले. आईने वर्णन केलेली कोकणची बोट मी प्रथमच पाहत होते. त्या दिवशी दूरध्वनीवर मी तिला आदल्या दिवशीची बंदरे वाचून दाखवली. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग तिने हर्ण्यापासून सुरुवात करून वेंगुर्ल्यापर्यंतची आपली बंदरे एका दमात म्हणून दाखवली, मुसाकाजीसकट.

आता या सेवेच्या मर्यादा. शाकाहाऱ्यांसाठी पदार्थ असतात आणि आरक्षण करतानाच कळवले तर स्वयंपाकघर नीट काळजी घेते. परंतु या जहाजांना अभिमान आहे तो किनाऱ्यावरून रोज चढवल्या जाणाऱ्या मासळीचा, चीजचा आणि बेरींचा, आणि शाकाहारी जेवणात मसाल्याची अपेक्षा ठेवू नये. मत्स्याहारी माणसाला मात्र याहून चांगली जागा मिळणार नाही. आम्ही मेतकूट, चटणीपूड आणि भाजके पोहे नेले होते. अशा कोरड्या, बंद पाकिटांना सहसा अडचण येत नाही, तरी त्या-त्या जहाजाचा नियम आधी पाहावा. खोल्या लहान आणि साध्या आहेत. जहाज रात्रीही बंदरे घेत असल्याने, धक्क्याला लागताना जहाजाला आडवे ढकलणारे पंखे सुरू होतात आणि खालच्या मजल्यावर पुढच्या भागात त्यांचा घरघराट जाणवतो. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी थोड्या वरच्या मजल्यावरची, मध्यभागातील खोली घ्यावी. लहान मुलांसाठी येथे फारसे काही नाही. दहा-बारा वर्षांच्या आतील मुलांना या सफरीवर नेऊ नये असे मला स्पष्टपणे वाटते. ती कंटाळतील आणि मोठ्यांनाही स्वस्थता लाभू देणार नाहीत.

खर्चाविषयी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सहल संस्थेने आम्हाला पहिल्या सफरीच्या वेळी ‘सर्व काही भाड्यात’ असे सांगितले होते, आणि हे तीन शब्द सागरी सहलीत कधीही जसेच्या तसे घेऊ नयेत. खोली, मुख्य भोजनगृहातील जेवण आणि बहुतेक कार्यक्रम भाड्यात असतात. बंदर शुल्क, कर, मद्य, काही खास भोजनगृहे, इंटरनेट आणि बंदरावर उतरून करायच्या सहली बहुधा वेगळ्या असतात. अमेरिकी कंपन्यांच्या मोठ्या जहाजांवर सेवकांसाठीची बक्षिसी दर माणशी, दर दिवशी साधारण 16 ते 20 डॉलर या दराने आपोआप खात्यावर चढते. चार जणांच्या कुटुंबाला सात रात्रींत ती चारशे-पाचशे डॉलरवर जाते. नॉर्वेच्या किनारी जहाजांवर अशी सक्तीची बक्षिसी नाही, पण भाडे मुळातच चढे आहे आणि किनाऱ्यावरील सहली महाग आहेत. आम्ही बारा दिवसांत दोनच सहली घेतल्या, बाकी ठिकाणी पायी हिंडलो, आणि काही गमावले असे वाटले नाही. बहुतेक धक्के गावाच्या जवळ आहेत. एकट्याने प्रवास करणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी: जहाजाचे भाडे खोलीत दोन माणसे धरून सांगितलेले असते, आणि एकट्या माणसाला त्यावर बराच अधिभार द्यावा लागतो.

‘बोट लागणे’ हा कोकणातील जुना शब्दप्रयोग आहे आणि त्याची भीती अजून गेलेली नाही. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, त्यामुळे हेलकावे पुष्कळ कमी होतात. तरीही ज्याला गाडी लागते त्याने जहाजाच्या मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची खोली निवडावी. बागेतल्या सी-सॉचा मधला बिंदू सर्वांत कमी हलतो, तसेच हे आहे. वरच्या मजल्यावरची, टोकाची, सज्जा असलेली खोली सर्वांत महाग असते आणि सर्वांत जास्त हलते. मुंबई–गोवा मार्गावर ऑक्टोबर ते मे या काळात समुद्र बहुधा शांत असतो, आईला काडीचाही त्रास झाला नाही. नॉर्वेत बहुतेक प्रवास बेटांच्या आडोशाने होतो, परंतु स्टाड भूशिराचा टप्पा, बोडो ते लोफोतेन यांमधला वेस्टफ्योर्ड आणि अगदी उत्तरेकडचा बारेंट्स समुद्र हे उघडे आहेत. वेस्टफ्योर्ड ओलांडायला सुमारे चार तास लागतात आणि ते चार तास मी आल्याचा तुकडा चघळत, क्षितिजावर नजर ठेवून काढले. औषध घ्यायचे असल्यास ते आपल्या डॉक्टरांना विचारून, त्रास सुरू होण्याआधी घ्यावे; नंतर त्याचा तितका उपयोग होत नाही.

ऋतूची निवडही हेतूवरच अवलंबून आहे. उत्तरेच्या आकाशातला रंगीत प्रकाश (ऑरोरा) पाहायचा असेल तर सप्टेंबर अखेर ते मार्च हाच काळ. उन्हाळ्यात आकाश इतके उजळ असते की तो दिसणे शक्य नाही. हिवाळ्याच्या पूर्ण फेरीत तो एकदाही दिसला नाही तर पुढच्या खेपेला सहा-सात दिवसांची सफर मोफत देण्याचे वचन हुर्टिग्रूटेन देत आली आहे. अर्थात त्याच्या अटी नीट वाचाव्यात. मात्र हिवाळ्यात उत्तरेकडे दिवसाचा उजेड काही तासांचाच असतो, आणि डोंगर व खाड्या पाहण्यासाठी जाणाऱ्याला तो पुरत नाही.

ज्यांच्या मनात तिसराच काही पर्याय आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. किशोरवयीन मुले असतील आणि विमानप्रवास लांबचा नको असेल तर सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सफरी सोयीच्या आहेत. जहाजे प्रचंड आहेत आणि भारतीय जेवणाची त्यांना सवय आहे. युरोपातील एका सफरीत अनेक देश पाहायचे असतील तर शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे की अनेक वेळा प्रवेशाचा, हे तपासावे, कारण तुर्कस्तान त्या व्हिसाच्या क्षेत्राबाहेर आहे आणि जहाज तिथे जाऊन पुन्हा ग्रीसला आले की तो दुसरा प्रवेश ठरतो. लक्षद्वीपसाठी कोचीहून ‘एम. व्ही. कवरत्ती’ या सरकारी जहाजाची ‘समुद्रम’ नावाची पाच दिवसांची सहल आहे. कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय ही बेटे दिवसा पाहायची आणि रात्री जहाजावर झोपायचे, अशी तिची आखणी असते. ती किनारा पाहणाऱ्यांच्या प्रकारात मोडते. प्रवेशाचा परवाना लागतो, म्हणून तयारी फार आधी करावी. शिवाय प्रवाळाच्या कड्यामुळे मोठे जहाज बेटांपासून दूर उभे राहते आणि लहान होडीत उतरावे लागते. हलत्या होडीत पाय टाकणे ज्याला जमणार नाही, त्याने हा बेत करू नये.

याच कारणाने आईसाठी लक्षद्वीप आम्ही बाजूला ठेवले. तिला किनारा पाहायचा होता आणि गुडघ्यांना होडी झेपणार नव्हती, एवढे स्पष्ट झाल्यावर उत्तर आमच्या घरापासून दीड तासावर सापडले. 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारीसकट नेणारी रो-रो बोट चालते. गाडी थेट बोटीच्या पोटात शिरते आणि साधारण तासाभरात पलीकडे उतरते. यंदा जानेवारीत एका सकाळी आम्ही तिला त्या बोटीने घेऊन गेलो. खिडकीशी जागा मिळाली. मुंबई मागे राहिली, मासेमारी नौका जवळून गेल्या, आणि मांडव्याची झाडे व त्यांमागचा कनकेश्वराचा डोंगर दिसू लागला तसे आईने चष्मा पुसून पुन्हा लावला. परतीचे तिकीट संध्याकाळचे होते. ते बदलून शेवटच्या बोटीचे मिळते का, हे विचारायला तिने मला दोनदा खिडकीवर पाठवले.